कोरड्या डोळ्यांचा प्रेक्षक

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांची सुरुवात १९५४ साली झाली आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला मिळालं. तोच सर्वोच्च मान मराठीकडे पुन्हा यायला अर्धं शतक जावं लागलं. ५१व्या पुरस्कारांत, २००३ सालासाठी, संदीप सावंत यांचा ‘श्वास’ निवडला गेला. दोन्ही चित्रपटांच्या मध्यभागी कोकणातलं एक लहान मूल आहे आणि दोन्हींची ख्यातीही एकच, की पाहताना डोळ्यांतलं पाणी थांबत नाही. तरीही दोन्ही चित्रपटांच्या प्रत्येक खेळाला कुणीतरी कोरड्या डोळ्यांनी बसलेलं असतंच. शेजारची बाई पदराने डोळे टिपते आणि हा माणूस पडद्याकडे शांतपणे पाहत राहतो. त्याच्याबद्दल आपण चटकन बोलून टाकतो, की काळीज दगडाचं आहे. त्याला विचारलं तर तो चित्रपटालाच रडका ठरवतो. ही दोन्ही उत्तरं मला चुकीची वाटतात. रडू येतं की नाही, हे प्रेक्षकाचं आयुष्य आणि पडद्यावरची गोष्ट यांच्यामधल्या अंतरावर ठरतं. ते अंतर फार वाढलं तरी डोळे कोरडे राहतात आणि फार कमी झालं तरी राहतात. त्यात आणखी एका गोष्टीची भर पडते: ज्या जागी तो बसला आहे तिथे त्याला रडण्याची मुभा आहे की नाही. उरणपासून हरिहरेश्वरापर्यंतचा रायगडचा किनारा हे पाहायला फार उपयोगी आहे, कारण इथे रडण्याच्या परंपराही जुन्या आहेत आणि न रडण्याच्याही.

आधी रडण्याकडे पाहू. १९९१ साली विजय कोंडके यांचा ‘माहेरची साडी’ आला आणि महाराष्ट्रभर बायका जथ्याने तो पाहायला गेल्या. अलका कुबल यांची लक्ष्मी, जन्मतःच आई गेली म्हणून मुलीचं तोंड न पाहणारा विक्रम गोखले यांचा बाप, उषा नाडकर्णी यांची सासू आणि बहिणीवर जीव टाकणारा अजिंक्य देव यांचा भाऊ, एवढ्या सामग्रीवर त्या काळच्या टॉकीजमध्ये हुंदके ऐकू येत. शहरी समीक्षेने या चित्रपटाची टर उडवली आणि ती अजून संपलेली नाही. पण किनाऱ्यावरच्या बाईच्या बाजूने एकदा पाहावं. धरमतर, रेवदंडा, राजपुरी, बाणकोट अशा खाड्यांनी हा मुलूख तुकड्यातुकड्यांत कापलेला आहे. पूल नव्हते त्या काळात समोर दिसणाऱ्या गावात दिलेली मुलगीसुद्धा तर, होडी आणि भरती-ओहोटी यांच्या हिशेबाने लांबच पडे. ती माहेरी येई ती सणाला. तिच्या या येण्याजाण्याचं सगळ्यात मोठं रूप म्हणजे भाद्रपदातली गौर. इथे तेरड्याच्या रोपांची गौर आणतात, तिला नटवतात, ती माहेरवाशीण आहे म्हणून काही घरांत तिला मासळीचाही नैवेद्य दाखवतात आणि तिसऱ्या दिवशी पोचवायला जातात. गौर निघताना घरातल्या बायकांचे डोळे भरतात, त्याचं कुणाला नवल वाटत नाही. नव्या सुना त्याच दिवसांत सूप भरून ओवसा करतात. म्हणजे मुलीचं येणं, तिचं कौतुक आणि तिला परत पाठवणं ही गोष्ट या बायका दरवर्षी स्वतः उभी करत आल्या आहेत आणि तिच्यासाठी दरवर्षी रडत आल्या आहेत. ‘माहेरची साडी’ने त्यांना काही नवं शिकवलं नाही. घरात ज्या दुःखाला वर्षातून तीन दिवस मिळत, त्याला टॉकीजच्या अंधारात तीन तास मिळाले, आणि तेही सासू शेजारी नसताना. हा चित्रपट ‘बाई चाली सासरिये’ या १९८८च्या राजस्थानी चित्रपटावरून घेतलेला होता, पण त्याने इथल्या बायकांच्या अश्रूंचा खरेपणा कमी होत नाही. वाळवंटातल्या लेकीची आणि खाडीपलीकडच्या लेकीची गाठ एकच होती, एवढंच त्यातून दिसतं.

यावर एक आक्षेप लगेच येतो आणि तो वजनदार आहे. कांदा चिरला तरी पाणी येतं. मग चित्रपटाने पाणी काढलं म्हणून त्याचं काय मोठेपण? व्हायोलिन वाढवायचं, आईला मारायचं, मुलाला पावसात उभं करायचं, की काम झालं. यात तथ्य आहे. पार्श्वसंगीताने गळा दाटून येतो आणि रडणारा चेहरा पडद्यावर मोठा होऊन आला की पाहणाऱ्याचाही चेहरा नकळत तसा होतो. हे कसब आहे आणि त्याचा गैरवापर होतो. रोजच्या मालिका त्याच्यावर चालतात. पण आक्षेप पूर्ण खरा असता तर प्रत्येक रडक्या चित्रपटाला लोक रडले असते. ‘माहेरची साडी’च्या यशानंतर छळ सोसणाऱ्या सुनेचे चित्रपट मराठीत रांगेने आले. व्हायोलिन तेच होतं, सासूही तशीच होती, पण त्यातले बहुतेक कुणाच्या लक्षात नाहीत. कसबाला आधी धरायला काहीतरी लागतं, आणि ते प्रेक्षकाच्या आयुष्यात असावं लागतं. तेव्हा स्वस्त चित्रपटावर खरं रडणं शक्य आहे, हे समीक्षकाने मान्य करावं. चित्रपटाला नावं ठेवायचा त्याचा हक्क त्याने कमी होत नाही. रडलेल्या बाईला नावं ठेवायचा हक्क मात्र त्याला मुळातच नव्हता.

‘श्यामची आई’ची गोष्ट अधिक खोल जाते. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतलं. त्यांचं जन्मगाव पालगड आज रत्नागिरी जिल्ह्यात मोडतं. गुरुजींचं राष्ट्रीय स्मारक मात्र रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातल्या वडघरला आहे. पुस्तकाची बांधणी आपण विसरतो: आश्रमात प्रार्थना झाल्यावर श्याम आपल्या मित्रांना रोज रात्री आईची एकेक आठवण सांगतो, अशा ४२ रात्री आहेत. रडणारा श्रोता पुस्तकातच बसवलेला आहे. सांगणाऱ्याचा कंठ दाटतो, ऐकणारे गप्प होतात आणि वाचकाला आपोआप त्या वर्तुळात जागा मिळते. अत्र्यांनी १९५३ साली हे पडद्यावर आणलं तेव्हा वनमाला यांची आई आणि माधव वझे यांचा श्याम यांनी त्या वर्तुळात सगळ्या महाराष्ट्राला बसवलं. त्यात लोक नेमके कुठे रडतात हे पाहण्यासारखं आहे. आईच्या मृत्यूला तर रडतातच, पण त्याच्या कितीतरी आधी, मुलाच्या ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आई आपलं वस्त्र पसरते तिथेच पहिलं पाणी येतं. तिथे दुःख काहीच नाही, कुणी मेलेलं नाही. एक माणूस दुसऱ्याशी विलक्षण चांगलं वागतो, एवढंच घडतं. रायगड किल्ल्याच्या हिरकणीची कथाही याच जातीची आहे. कोजागिरीच्या रात्री दरवाजे बंद झाले, तान्ह्या बाळासाठी गवळण कडा उतरून गेली, हे इथल्या शाळेतलं पोरही जाणतं. प्रसाद ओक यांनी २०१९ साली सोनाली कुलकर्णी यांना घेऊन ‘हिरकणी’ केला तेव्हा शेवट सगळ्यांना ठाऊक होता. तरी डोळे भरतात ते ती बाळापाशी पोचते तेव्हा. ताटातुटीपेक्षा भेटीला अधिक रडू येतं, हे रडक्या चित्रपटांचा धंदा करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना कळलेलं आहे.

आता न रडणाऱ्याकडे वळू. त्याच्याबद्दल सगळ्यात नेमका विचार हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये झाला. भरताच्या नाट्यशास्त्रावर टीका लिहिताना अभिनवगुप्ताने रसाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितली. गोष्ट संभवनीय न वाटणं हे पहिलं. ही माझीच गोष्ट किंवा ही त्या परक्याची गोष्ट अशा स्थळकाळाच्या खुंटीला अडकून पडणं हे दुसरं. प्रेक्षक स्वतःच्या सुखदुःखात बुडालेला असणं हे तिसरं. उरलेली चार मुख्यतः सादरीकरणाची आहेत: साधनं अपुरी, चित्र अस्पष्ट, मुख्य भाव गौण झालेला, अर्थाबद्दल संशय. या यादीत प्रेक्षकाच्या निष्ठुरपणाला जागा नाही, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. अभिनवगुप्त विचारतो की वाट कुठे अडली. मराठीत न. चिं. केळकर यांनी १९२१च्या बडोदे साहित्य संमेलनात ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली, तिचा रोख याच जागेवर होता. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण आपली भूमिका सोडत नाही, आणि या दुहेरी अवस्थेत त्याला आनंद होतो. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले. करुण रसात आनंद असतोच का, की आपण दुःखच भोगतो, यावर मराठी टीकाकारांच्या दोन पिढ्या भांडल्या. आपल्या प्रश्नापुरतं एवढं घेता येतं, की दोन्ही पाय एकाच बाजूला गेले की ती समाधी मोडते. पूर्ण आत गेलेला माणूस प्रेक्षक उरत नाही आणि पूर्ण बाहेर राहिलेला तर कधी प्रेक्षक झालेलाच नसतो.

पूर्ण आत गेलेल्याचं उदाहरण भवभूतीने रंगभूमीवरच आणलं आहे. ‘उत्तररामचरिता’च्या सातव्या अंकात गंगेकाठी वाल्मीकींचं नाटक होतं आणि त्यात सीतेच्या त्यागाची कथा खुद्द रामासमोर येते. राम नाटक पाहत नाही, तो पुन्हा तेच भोगतो. लक्ष्मणाला त्याला आठवण करून द्यावी लागते की हे नाटक आहे. शेवटी राम मूर्च्छित पडतो. ग्रीकांकडे हे प्रत्यक्ष घडलं. फ्रिनिकस या नाटककाराने इराण्यांनी उद्ध्वस्त केलेल्या मायलेटस या नगरावर नाटक केलं. अथेन्सचं त्या नगराशी रक्ताचं नातं होतं. सारं प्रेक्षागृह रडलं आणि मग अथेन्सकरांनी नाटककाराला १००० द्राख्मांचा दंड ठोठावला, घरच्या संकटाची आठवण करून दिली म्हणून. शिवाय ते नाटक पुन्हा करायचं नाही अशी ताकीद दिली. हेरोडोटसने ही हकिकत नोंदवली आहे. रायगडच्या किनाऱ्यालाही अशी एक घरची आठवण आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. आषाढी अमावास्येचा दिवस होता, माणसं घरी चालली होती. ज्या घरातला कर्ता पुरुष त्या बोटीवर होता, त्या घरातल्या बाईला पुढे कधी पडद्यावर बुडणारं जहाज दाखवलं असतं तर तिने काय केलं असतं? ती बहुधा उठून गेली असती, किंवा एकही आसू न गाळता बसली असती. तिला कथेची गरजच नव्हती. २०२० सालचं निसर्ग वादळ, २०२१ सालची तळिये गावावर कोसळलेली दरड, २०२३ सालची इर्शाळवाडी, ही याच जिल्ह्यातली अलीकडची नावं आहेत. अशा घटनेतून आलेला माणूस चित्रपटात रडत नसेल तर त्याच्याजवळ भावना कमी आहेत असं कोण म्हणेल? त्याचं दुःख अजून त्याच्या इतकं अंगाशी आहे, की दुसऱ्याच्या दुःखाशी त्याचं अंतर मोजायलाही जागा उरलेली नाही.

दुसऱ्या टोकाला अंतर वाढलेला प्रेक्षक आहे. काही वेळा कारण साधं असतं: गोष्ट पटत नाही. आजच्या मुलीला ‘माहेरची साडी’तली लक्ष्मी पोलिसांत का जात नाही हा प्रश्न पडतो, आणि तो प्रश्न पडला की रडू मागे सरतं. अभिनवगुप्ताचं हे पहिलंच विघ्न. पण अंतर नेहमी असं निरुपद्रवी नसतं. ‘श्यामची आई’त एक प्रसंग आहे. म्हाताऱ्या महारणीची लाकडांची मोळी खाली पडली आहे, ती एकटीला उचलत नाही, रस्त्यात तिच्या मदतीला कुणी शिवत नाही. श्यामची आई मुलाला सांगते की जा, मोळी तिच्या डोक्यावर दे आणि घरी येऊन आंघोळ कर. त्या काळच्या त्या घरात हे धैर्याचंच होतं. श्यामसारख्या घरातून आलेल्या वाचकाचा गळा इथे दाटतो आणि तो दाटण्यात काही खोटं नाही. आता याच जिल्ह्यातलं महाड आठवा. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्या सत्याग्रहात ज्याचा आजा होता, असा वाचक हाच प्रसंग वाचताना आंघोळीपाशी थांबेल. मोळी उचलणाऱ्या मुलाच्या आईवर त्याने का रडावं? त्याची आजी तर मोळीखाली होती. त्याचे कोरडे डोळे पाहून साने गुरुजींचा अपमान झाला असं मानायचं कारण नाही. पंढरपूरचं विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून १९४७ साली प्राण पणाला लावणाऱ्या गुरुजींना हा थबकलेला वाचक इतरांपेक्षा लवकर समजला असता. काही वेळा न रडणं म्हणजे गोष्टीवर दिलेला अभिप्राय असतो, आणि तो ऐकण्यासारखा असतो. साधारणीकरण, म्हणजे पात्राचा भाव सर्वांचा होणं, याबद्दल आपण मोठ्या श्रद्धेने बोलतो. पण ‘सर्व’ कोण, हे प्रत्येक काळात कुणीतरी ठरवलेलं असतं.

यानंतर येतो तो कमावलेला कोरडेपणा. ‘श्वास’मध्ये त्याचं फार समजूतदार चित्र आहे. अरुण नलावडे यांचे आजोबा नातवाला घेऊन शहरात येतात. अश्विन चितळेने साकारलेल्या या मुलाच्या डोळ्यांत कर्करोग आहे आणि जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार आहे. संदीप कुलकर्णी यांचा डॉक्टर हे सांगताना रडत नाही. उलट शस्त्रक्रियेपूर्वी मुलाला हे कळलंच पाहिजे असा आग्रह धरतो. तो रडला तर उद्याची शस्त्रक्रिया कोण करणार? आजोबांचं कोसळणं आपल्याला दिसतं, डॉक्टरचं सावरणंही दिसतं, आणि चित्रपट दोघांपैकी कुणालाही कमी लेखत नाही. असे डॉक्टर, परिचारिका, रुग्णवाहिकेचे चालक, पोलीस प्रेक्षागृहातही येतात आणि वर्षानुवर्षांची सवय दारात चपलांसारखी काढून ठेवता येत नाही. किनाऱ्यावरच्या खलाशाचीही गत तीच. वाऱ्यात सापडलेल्या होडीवर घाबऱ्याला जागा नसते. मयताच्या घरात बायका हेल काढून रडतात, गेलेल्याला हाका मारतात, त्याचे गुण आळवतात. पुरुष बाहेर बांबू, गोवऱ्या, लाकडं यांच्या मागे असतात. कामाची ही वाटणी लहानपणापासून पाहिलेला मुलगा रडायचं कुणी आणि कुठे हे शिकूनच मोठा होतो. पुरुषाला मुळात रडूच येत नाही, असं मानणाऱ्याने मात्र याच किनाऱ्यावरच्या आगरी-कोळी गावांतल्या हरिनाम सप्ताहाला जावं. वारकरी संप्रदाय इथे घराघरांत आहे. कीर्तनात करुण प्रसंग आला, की मृदंगाशेजारी उभ्या असलेल्या धिप्पाड टाळकऱ्यांच्या डोळ्यांतून धारा लागतात आणि त्याची कुणी टिंगल करत नाही. तिथे अश्रू हा अष्टसात्त्विक भावांपैकी एक मानला जातो, तो भक्ताचा दागिना आहे. तोच टाळकरी टॉकीजमध्ये मित्रांच्या रांगेत बसला की कोरडा राहतो. माणूस एकच, हृदय एकच, मुभा बदलली. ३७ देशांतल्या लोकांच्या रडण्याचा एकत्र अभ्यास झाला, त्यात बायका पुरुषांपेक्षा अधिक रडतात हे दिसलंच, पण दोघांमधली तफावत श्रीमंत आणि मोकळ्या देशांत जास्त निघाली. निव्वळ शरीरधर्माचा प्रश्न असता तर देशागणिक तफावत बदलली नसती.

अष्टसात्त्विक भावांचा उल्लेख आलाच आहे, तर त्यांच्याकडे नीट पाहावं. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. मन हललं की शरीर ज्या आठ वाटांनी ते सांगतं, त्यातली एकच वाट डोळ्यांतून जाते. आपण मात्र तेवढीच मोजतो. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २०१६ साली आला. त्याच्या शेवटी आवाज थांबतो, लहान मूल रक्ताळलेल्या पावलांनी बाहेर येतं, आणि प्रेक्षक जागच्या जागी गोठतात. पुष्कळांना रडू आलं नाही. रडायला थोडा आधार, थोडी सांत्वनाची खात्री लागते, आणि मंजुळे यांनी ती जाणून काढून घेतली होती. तो स्तंभ होता, अनेकांच्या बाबतीत वैवर्ण्यही. ज्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नाही ते कमी हलले असं म्हणणं ‘सैराट’च्या बाबतीत उघडच चुकीचं ठरतं. त्याच वर्षी १ जानेवारीला महेश मांजरेकर यांचा ‘नटसम्राट’ आला होता. कुसुमाग्रजांचं नाटक १९७०चं, रंगभूमीवर डॉ. श्रीराम लागूंनी गाजवलेलं. चित्रपटात अप्पा बेलवलकर झाले नाना पाटेकर, जन्माने याच किनाऱ्यावरच्या मुरूडचे. नानांचे अप्पा रडवतात ते स्वरभंगाने. आवाज चढता चढता फाटतो आणि त्या फाटलेल्या जागेतून म्हातारपण दिसतं. ज्यांनी आयुष्यात कुणापुढे डोळे ओले केले नाहीत असे वयस्क बाप या चित्रपटाला घसा खाकरत बाहेर पडले असतील, तर त्या खाकरण्यालाही उत्तर म्हणूनच मोजायला हवं.

प्रयोगशाळेतून काय हाती लागतं? थोडं लागतं, पण कामाचं. अमेरिकेत १९९४ साली जेम्स ग्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्त्रियांना एक दुःखी चित्रफीत दाखवून त्यांच्या शरीरातले बदल मोजले. रडलेल्यांच्या शरीराची उलथापालथ न रडलेल्यांपेक्षा जास्त होती. रडल्याने तिथल्या तिथे हलकं वाटतं, या लोकप्रिय समजुतीला आधार मिळाला नाही. २०१५ साली नेदरलँड्समधल्या टिलबुर्ग विद्यापीठातल्या अभ्यासकांनी ‘लाइफ इज ब्यूटिफुल’ आणि ‘हाची’ हे चित्रपट ६० जणांना दाखवले. २८ जण रडले, ३२ रडले नाहीत. चित्रपट संपताच रडलेल्यांची मनःस्थिती खालावलेली होती, वीसेक मिनिटांत ती पूर्ववत झाली आणि दीड तासाने ती चित्रपट पाहण्याआधीपेक्षाही बरी निघाली. न रडलेल्यांच्या मनःस्थितीत फारसा फरक पडला नाही. ‘रडून मोकळी हो’ असं म्हणणाऱ्या आपल्या आज्या चुकलेल्या नव्हत्या. मोकळं व्हायला जरा वेळ लागतो, एवढंच. यावरून कुणी म्हणेल की न रडणाऱ्याचं नुकसान होतं. तसा निष्कर्ष इतक्या सहज निघत नाही, कारण जे मुळात खाली गेले नाहीत त्यांना वर येण्याचीही गरज नव्हती. ज्यांना रडूच येत नाही अशा लोकांवर स्वतंत्र काम झालं आहे. इतरांशी जोडलेपण त्यांना काहीसं कमी वाटतं, पण एकूण समाधानात ते इतरांपेक्षा मागे नसतात. काहींचं कारण तर सरळ वैद्यकीय असतं: डोळे कोरडे करणारे आजार, किंवा नैराश्यावरची काही औषधं, जी दुःखाची धार बोथट करताना रडण्याचीही करतात. पूर्वी सहज रडणारा माणूस अचानक कशानेच रडेनासा झाला, तर त्याची विचारपूस करावी; ती चित्रपटाबद्दलची चर्चा नव्हे.

एक शेवटचा आक्षेप उरतो. सगळं प्रेक्षकाच्या आयुष्यावर आणि जागेवर अवलंबून असेल, तर चांगला चित्रपट आणि वाईट चित्रपट यांत फरक काय राहिला? फरक राहतो, आणि तो अंतराच्याच हिशेबात आहे. वाईट चित्रपट फक्त जवळ असलेल्यांना रडवतो. जो लांब आहे त्याला जवळ आणण्याचे कष्ट तो घेत नाही. ‘श्वास’ ज्याने कधी कोकण पाहिलं नाही त्यालाही त्या आजोबांशेजारी बाकावर बसवतो. ‘श्यामची आई’ सत्तर वर्षांनी पुन्हा करायला घेताना सुजय डहाके यांनी २०२३ साली ती कृष्णधवल ठेवली, त्यामागे जुन्या काळाचं अंतर लपवायचं नाही अशी दृष्टी मला दिसते आणि ती मला प्रामाणिक वाटते. आजच्या मुलाला ते घर, ते सोवळं, ती गरिबी परकी आहे; ती परकी आहे हे कबूल करूनच त्याला आत बोलवावं लागेल. शाळाशाळांतून हा चित्रपट मुलांना दाखवला जातो आणि दिवे लागल्यावर कोण कोण रडलं याची चौकशी होते. रडलेल्याचं कौतुक होतं, न रडलेलं मूल खाली मान घालतं आणि पुढच्या वेळी डोळे चोळायला शिकतं. हे थांबलं पाहिजे. त्या मुलाच्या घरी कदाचित आईच नसेल, किंवा आईवर नुकताच मोठा आजार ओढवला असेल, किंवा मोळीचा प्रसंग पाहून त्याला एक प्रश्न पडला असेल जो वर्गात विचारायची त्याला भीती वाटते. शिक्षकांनी त्याला विचारावं की तुला कुठे थांबावंसं वाटलं, कुठलं माणूस पटलं नाही, श्यामच्या जागी तू काय केलं असतंस. वडघरला तरुणांची शिबिरं भरतात, तिथेही हे प्रश्न विचारता येतील. गुरुजींच्या नावाने चालणाऱ्या जागेत ते शोभतीलही.